सायकल चढावर बंद पडून राहिली म्हणून १००० वॅटची मोटर घेऊ का?

नको घेऊ भाऊ. पैसे खिशात ठेव, आधी हे वाच, मग ठरव.

तुझा प्रश्न मला जसा समजला तसा सांगतो. बाबांची जुनी काळी सायकल आहे, तिच्या मागच्या चाकात तू ३६ व्होल्ट २५० वॅटची गिअरवाली हब मोटर बसवली, बॅटरी ओळखीच्या एका पोराकडून बनवून घेतली १० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) म्हणून, नागपुरातल्या मानेवाड्याहून हिंगण्याला कॉलेज, जाऊन येऊन २२ किलोमीटर. येताना उड्डाणपुलाच्या चढावर गाडी गपकन बंद पडते, दोन मिनिटं थांबलं की परत चालू होते, आणि डिस्प्लेवर तीन काड्या तर दिसूनच राहिल्या असतात. शिवाय उठताना मोटर धडधड करते. म्हणून तुझं म्हणणं की मोटर कमी पडून राहिली, मोठी टाकू.

मोटर कमी पडत असती ना, तर सायकल चढावर हळू झाली असती, बंद नसती झाली. बंद पडणं म्हणजे कोणीतरी करंट तोडून राहिलं. आता ते कोण, ते शोधायचं.

मी मूळचा मोटर भरणारा माणूस, उन्हाळाभर कूलरच्या मोटरी भरायच्या आणि पावसाळ्यात रिकामं बसायचं असे दिवस काढलेत, त्या रिकामपणात सायकलींचा नाद लागला. आतापर्यंत स्वतःच्या आणि लोकांच्या मिळून वीस-बावीस सायकली केल्या असतील. त्यात एक गोष्ट पक्की कळली. लोक येऊन वॅट विचारतात, पण जे काही जळतं, वितळतं, निसटतं किंवा बंद पडतं ते सगळं अँपिअरमुळे. तुझ्या कंट्रोलरच्या (बॅटरी आणि मोटरच्या मधला डबा, मोटरला किती करंट द्यायचा ते तोच ठरवतो) स्टिकरवर बघ, बहुतेक १५ अँपिअर नाहीतर १४ ± १ असं काहीतरी छापलेलं असेल, आणि खाली लो व्होल्टेज ३१ वगैरे. म्हणजे चढावर थ्रॉटल पूर्ण पिळला की हा डबा बॅटरीतून १५ अँपिअर ओढतो, ३६ गुणिले १५, झाले ५४० वॅट. २५० वॅट हे मोटरने आरामात सतत द्यायचं काम, चढावर ती दुप्पट मागतेच. आणि बॅटरीचा व्होल्टेज ३१ च्या खाली गेला की कंट्रोलर हात वर करतो.

आता गंमत बघ. ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे सेलचे दहा गट एकामागे एक, फुल चार्जला ४२ व्होल्ट. तू मधे कुठेतरी असताना समज ३६.५ आहे, म्हणजे सेलमागे ३.६५, जवळपास अर्धी बॅटरी शिल्लक. चांगल्या १० एएच पॅकचा आतला रेझिस्टन्स बीएमएस (बॅटरीच्या आतलं, सेल सांभाळणारं सर्किट) आणि वायरसकट ०.१ ते ०.१५ ओहमच्या आसपास असतो, १५ अँपिअर ओढले तर दीड-दोन व्होल्ट पडतो, ३४ वर येतो, काही बिघडत नाही. पण पॅक जर जुन्या लॅपटॉपच्या सेलचा असला (आणि मला वाटतं तोच आहे) तर रेझिस्टन्स ०.३५-०.४ पण निघतो. ०.३७ धर. १५ ने गुण. साडेपाच व्होल्ट. ३६.५ मधून साडेपाच गेले, ३१ राहिले, कंट्रोलर बंद. थांबला की करंट शून्य, व्होल्टेज परत वर, तीन काड्या परत हजर. काड्या खोटं नाही बोलत, त्या बिचाऱ्या रिकाम्या वेळचा व्होल्टेज दाखवतात.

आणि हे साडेपाच व्होल्ट गेले कुठे? उष्णतेत. १५ अँपिअर गुणिले साडेपाच व्होल्ट म्हणजे ८० वॅटच्या वर. बॅटरीच्या पिशवीत जुना पिवळा बल्ब पेटवून चेन लावून घेतल्यासारखं आहे ते. यात तू १००० वॅटची किट लावली की तिचा कंट्रोलर २५-३० अँपिअर मागणार, याच बॅटरीवर दहा व्होल्ट पडणार, आणि मग चढ कशाला, सपाट रोडवर पण बंद पडशील.

अजून एक खूण बघून ठेव. बंद पडते तेव्हा डिस्प्ले चालू राहतो की तोही विझतो? चालू राहिला आणि फक्त मोटर मेली तर कंट्रोलरने तोडलं, वर सांगितलं तसं. डिस्प्लेपण काळा झाला तर बॅटरीच्या आतल्या बीएमएसने तोडलं, म्हणजे बहुतेक दहा गटांपैकी एखादा गट बाकीच्यांच्या आधी तळाला जाऊन राहिला. तसं असेल तर पॅक खोलून घ्यावाच लागेल, आणि ते काम घरी करू नको, स्क्रूड्रायव्हर घसरून दोन निकेल पट्ट्या जुळल्या तर काय होतं ते मी पाहिलंय, पट्टी लाल होते आणि मग हातात धरायला काही राहत नाही. ज्याने बनवली त्याच्यासमोर बसून खोलायला लाव.

मोजायचं कसं. दोस्ताला कॅरिअरवर बसव, मल्टिमीटर त्याच्या हातात दे, डीसीवर, बॅटरीच्या कनेक्टरवर मागून दोन बारीक वायरी आधी नीट टेप मारून काढ म्हणजे चालत्या गाडीवर शॉर्ट होणार नाही. सकाळी सहा-साडेसहाला सेमिनरी हिल्सच्या चढावर जा, तेव्हा तिथे फिरायला येणारे लोकच असतात, गाड्या कमी. थांबलेलं असताना आकडा वाच, मग फुल थ्रॉटलवर चढताना आकडा वाच, दोन्ही लिहून ठेव. फरकाला १५ ने भाग, तुझा रेझिस्टन्स आला. क्लॅम्प मीटर कोणाचा आणशील तर बघून आण, बहुतेक स्वस्तवाले फक्त एसी मोजतात, डीसीवर लावले की शून्य दाखवतात आणि माणूस उगाच खुश होतो. त्यापेक्षा विमानाच्या मॉडेलवाले पोरं वापरतात तो मधे लावायचा छोटा वॅटमीटर घे. तो अँपिअर-अवर पण मोजतो, फुल चार्ज करून बंद पडेपर्यंत चालवली की १० चे खरे किती निघतात ते तिथेच कळतं.

हिशोबाने तुला १० एएच पुरायला पाहिजे. नुसत्या थ्रॉटलवर २५ च्या स्पीडला किलोमीटरला १०-१२ वॅट-अवर जातात, २२ किलोमीटरला २६४ धर, आणि ३६ गुणिले १० म्हणजे ३६० आहेत तुझ्याकडे. पायडल मारत गेलास तर ७-८ मधेच काम होतं. म्हणजे कागदावर परत घरी येऊन पण पाव बॅटरी उरली पाहिजे. उरत नाही म्हणजे १० नाहीतच.

तोवर तात्पुरता इलाज हवा असेल तर कंट्रोलरचा करंट कमी कर. डिस्प्लेच्या सेटिंगमधे बऱ्याच किटला करंट लिमिटचा पॅरामीटर असतो, १५ चा १० कर, चढावर पायडल मार. साडेपाचचा डिप पावणेचारवर येईल आणि तू घरी पोहोचशील. आणि ते व्हिडिओत दाखवतात ना, कंट्रोलर खोलून शंटवर कथील चढवा म्हणजे पिकअप वाढतो, तो प्रकार करू नको. शंट म्हणजे कंट्रोलरचा करंट मोजायचा काटा, त्यावर कथील चढवलं की त्याला वीस अँपिअरचे पंधरा दिसतात. आपण किराणा दुकानदाराला काटा मारतो म्हणून शिव्या देतो आणि इथे स्वतःच्याच गाडीला काटा मारायचा.

आता धडधडीबद्दल. मोटरमधून तीन जाड वायरी येतात, पिवळी हिरवी निळी, आणि पाच बारीक: लाल काळी आणि परत पिवळी हिरवी निळी. जाड त्या फेज, बारीक त्या हॉल सेन्सरच्या, म्हणजे मोटर फिरताना कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणाऱ्या. रंगाला रंग जोडला की झालं असं सगळ्यांना वाटतं, पण मोटर एका कारखान्याची आणि कंट्रोलर दुसऱ्याचा असला की रंग जुळतीलच असं नाही. चुकीच्या जोडणीतही मोटर फिरते बरं का, तिथेच माणूस फसतो. चाक हवेत उचलून थ्रॉटल दे, बरोबर जोडणी असेल तर रिकामी मोटर एखाद अँपिअर घेते आणि आवाज एकसारखा येतो, चुकीची असेल तर तीन-चार अँपिअर खाते, कुरकुर करते आणि पाच मिनिटांत हब कोमट लागतो. फेज तशाच ठेवायच्या आणि हॉलच्या तीन वायरी आलटून पालटून बघायच्या, सहा प्रकार होतात, त्यातला एक बरोबर निघतो. उलटी फिरली तर फेजच्या दोन आणि हॉलच्या दोन बदलून परत तेच करायचं. कंट्रोलरमधून दोन पांढऱ्या वायरी वेगळ्या निघाल्या असतील आणि त्यावर सेल्फ लर्निंग लिहिलं असेल तर एवढा त्रासच नको, चाक हवेत ठेवून त्या जोड, कंट्रोलर बरोबर जोडणी स्वतःच शोधतो, मोटर उलटी फिरली तर काढून परत जोड. झालं की त्या सोड आणि टेप मार.

एवढं करूनही उठताना धक्के देत असेल तर एखादा हॉल गेला असेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब काळ्या वायरवर, लाल प्रोब एकेका रंगावर, आणि चाक हळूहळू उलटं फिरव. उलटंच, कारण गिअरवाल्या मोटरला आत फ्रीव्हील असतं, सरळ फिरवलं तर नुसतं बाहेरचं कवच फिरतं आणि आतली मोटर जागेवर, मग तू म्हणशील तिन्ही हॉल मेले. माझ्याकडे एकजण असाच चांगली मोटर मेली म्हणून घेऊन आला होता, चहा पिता पिता चालू करून दिली. तिन्ही रंगांवर ०, ५, ०, ५ असं येत राहिलं पाहिजे. जो अडकून राहिला तो गेला.

बरं, हे सगळं बाजूला ठेव, तुझ्या फोटोत मला दुसरंच दिसलं आणि त्याने मी जास्त घाबरलो. टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी, ती कुठे आहे?

माझी पहिली सायकल. पुढच्या चाकात मोटर, फोर्क ॲल्युमिनियमचा, आणि टॉर्क आर्म किटमधे आला होता तो मी पिशवीतच ठेवला, म्हटलं नट तर एवढा आवळलाय, पाईप घालून आवळलाय, जातो कुठे. तीन दिवस मस्त चालली. चौथ्या दिवशी घरासमोर गेटातून निघताना थ्रॉटल दिला, कट् असा आवाज आला, आणि चाकाऐवजी एक्सलच फिरला. एक्सल फिरला की त्याच्यातून निघणारी वायरपण त्याच्याभोवती गुंडाळत जाते, दोन आट्यांत इन्सुलेशन सोललं, फेजची ३६ व्होल्टची वायर हॉलच्या ५ व्होल्टला लागली, कंट्रोलरमधून धूर. फोर्कच्या खाचेचे ओठ उघडलेले, चाक अर्धं बाहेर. स्पीड नव्हता म्हणून मी नुसता उतरल्यासारखा पडलो. समोरचे काका ओट्यावरून, "काहून रे, सायकलले शॉक लागला का?" हेच अंबाझरीच्या उतारावर झालं असतं तर हे लिहायला मी नसतो.

कारण काय ते हिशोबाने बघ. उठताना मोटर ४० न्यूटन-मीटरपर्यंत जोर लावते. चाकाला जेवढा पुढे तेवढाच एक्सलला मागे. एक्सलच्या दोन सपाट बाजूंमधे अंतर १० मिलिमीटर. म्हणजे ४००० न्यूटन, चारशे किलोचं वजन फोर्कच्या त्या पातळ खाचेच्या ओठांवर. तेच दहा सेंटीमीटरचा टॉर्क आर्म लावून फ्रेमला पकडला की चाळीस किलो. नट कितीही आवळ, नटाचं कामच नाही ते. किटमधला नसेल तर ५-६ मिलिमीटर लोखंडी पट्टी घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आण, खाच मात्र स्वतः कानशीने कर, एक्सल त्यात हाताने दाबून बसला पाहिजे, खुळखुळला नाही पाहिजे. दोन्ही बाजूंना लाव. तुझी फ्रेम लोखंडी आहे, हे नशीब.

लोखंडी असल्याचा दुसरा फायदा म्हणजे मागचा चिमटा फाकवता येतो. हब मोटरला १३५ मिलिमीटर लागतात आणि आपल्या साध्या सायकलीला ते नसतात. तू चाक ठोकून बसवलं आहेस, म्हणूनच ते एका बाजूला घासून राहिलं. चाक काढ, चिमटा दोन्ही बाजूंनी सारखा फाकव, आणि चिमट्याच्या एका टोकापासून दोरी पुढे हँडलच्या पाईपभोवती वळवून दुसऱ्या टोकाला बांधून, सीटच्या पाईपपासून दोरीचं दोन्हीकडचं अंतर मोजत जा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हे करायचं नाही, ती वाकत नाही, तडकते. चाकाची आउट काढायला मोहल्ल्यातल्या जुन्या माणसाकडेच जा, मोटरचं चाक आहे म्हणून नाही म्हणतील, हातापाया पड. ५० किलोमीटरनंतर स्पोक परत आवळून घे, नवीन बांधलेले सैल होतातच, नखाने वाजवून बघायचं, सगळे एकाच सुरात टण् वाजले पाहिजे, एखादा थड् वाजला तो सैल.

आणि ब्रेक. याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. काळ्या सायकलीला सळईचे ब्रेक असतात, त्याचं रबर रिमच्या आतल्या बाजूला वर ओढून दाबतं, त्यासाठी त्या रिमचा आकारच वेगळा असतो. किटसोबत आलेलं रिम ॲल्युमिनियमचं, दोन भिंतींचं, त्याला हे रबर लागतच नाही नीट. म्हणजे मला शंका आहे की मागचा ब्रेक तुला आत्ता नाहीच आहे आणि तू पुढच्या एकावर चालवून राहिला. मागे कॅलिपर ब्रेक बसवून घे, भोक नसेल तर पट्टी लावून. किटमधल्या ब्रेक लिव्हरला स्विच असतो तोपण जोड, ब्रेक दाबला की मोटर कट झाली पाहिजे, थ्रॉटल अडकला तर तेवढं एकच हातात राहतं. हे होईपर्यंत सायकल बाहेर काढू नको, बॅटरीचं नंतर बघू.

वायरींचं फार लांबवत नाही. २.५ स्क्वेअरची मऊ मल्टिस्ट्रँड घे, घराच्या फिटिंगची कडक नको, हादऱ्याने तुटते. बॅटरीजवळ फ्यूज पाहिजेच, पण कारचा पट्टीवाला फ्यूज घेशील तर त्यावर ३२ व्होल्ट छापलेलं असतं आणि आपण ४२ वर असतो, उडाला तरी आतली ठिणगी विझेलच असं नाही. सोलरवाल्याकडे छोटा डीसी एमसीबी मिळतो, २० अँपिअरचा, त्यावर प्लस-मायनसची खूण असेल तशीच जोड, फ्यूजचं आणि मेन स्विचचं काम एकातच होतं. कंट्रोलर उभा लाव, वायरी खालून निघाल्या पाहिजे, जुलैमधे कळेल काहून ते.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, सेल बनवणारे बहुतेक सगळे चार्जिंगची मर्यादाच ४५ अंश देतात, आणि आपण कॉलेजच्या पार्किंगमधे काळ्या पिशवीत बॅटरी उन्हात ठेवतो, मग घरी आल्या आल्या चार्जिंगला लावतो. असं करू नको. बॅटरी काढून वर्गात ने, जड काही नाही, अडीच किलो. घरी आल्यावर तासभर फरशीवर ठेव, मग रात्री लाव, झोपायच्या आधी काढ. कूलरसमोर ठेवू नको, तुषार उडतात, एकाने हे केलेलं मला माहीत आहे म्हणून सांगतो. चार्जर ४२ व्होल्टचाच पाहिजे, मीटरने तपासून घे. लिथियम फॉस्फेटच्या पॅकचा चार्जर दिसायला सेम असतो पण ४३.८ चा असतो, तो या बॅटरीला लागला तर सेलमागे ४.३८ जातात, ४.२ च्या वर जायचंच नसतं.

कायद्याचं विचारलं होतंस. २५० वॅटच्या आत आणि २५ किलोमीटरच्या स्पीडच्या आत असलेली बॅटरीची गाडी मोटार वाहनात धरत नाहीत, नंबर प्लेट लायसन्स लागत नाही, तिचं वजन बॅटरी सोडून ६० किलोच्या आत पाहिजे, ते तुझं आहेच. घरी केलेल्या सायकलीला कंपनीचा टेस्टिंगचा कागद नसतो, एवढं डोक्यात ठेव. १००० वॅट केलंस की तू या सुटीच्या बाहेर, आणि उद्या कोणाला धक्का लागला तर विनानोंदणी विनाविमा गाडी. पेट्रोलचं जे टू-स्ट्रोक किट तुझा मित्र म्हणतो ते तर विचारूच नको, कायद्यात २५ सीसीपर्यंत सूट आहे आणि ती किट ८० म्हणून विकतात, खरी ६६ च्या आसपास असली तरी अडीच पट जास्तच. लुनाच ५० सीसीची होती, १९७२ पासून, आणि तिला फ्रेम, ब्रेक, टायर सगळं त्या हिशोबाने होतं. तुझ्या बाबांची सायकल बिचारी दुधाच्या कॅनसाठी बनलेली.

तर या रविवारी एवढं कर. टॉर्क आर्म, मागचा ब्रेक, चिमटा, या क्रमाने. मग चाक हवेत ठेवून रिकामा करंट मोज. मग पुढच्या सकाळी दोस्ताला घेऊन चढावरचे दोन आकडे. डिस्प्ले विझतो की नाही तेही बघ. चारही गोष्टी लिहून पाठव, बॅटरी दुरुस्त होण्यासारखी आहे की त्या पोराकडून पैसे परत मागायचे ते मग सांगतो.